मॅन्डोलिनला चिमट्याचा पिकअप

मॅन्डोलिनच्या ८ तारा घरात कितीही खणखणल्या, तरी ढोलकी-हार्मोनियमच्या शेजारी पार बुडून जातात. चिमट्यासारखा अडकवायचा स्वस्त पिझो पिकअप यावर खरंच उपयोगी पडतो. तो हवेतला आवाज नाही, लाकडाची थरथर पकडतो. म्हणून माइकपेक्षा शिट्टी कमी मारतो. खुंट्यांकडच्या टोकाला लावला तर आवाज पातळ येतो, घोडीजवळ पकड मिळाली तर भरदार. अर्धा इंच सरकवला तरी फरक कळतो, तेव्हा जागा शोधायला निवांत वेळ द्या!

आणि पिझो थेट मिक्सरच्या लाइनला जोडू नका, खर्ज गायब होतो. मध्ये १ मेगाओम इनपुटचा प्रीअँप हवाच. तरीही आवाज टोचला, तर ट्रेबल थोडा उतरवा.