घर एक, पत्ते दोन

घरातले फोन, संगणक, टीव्ही आणि कॅमेरे एकाच राउटरच्या मागे ठेवून त्या राउटरला बाहेरच्या अंगाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट कनेक्शन देता येतात. दोन्ही फायबरची असोत, नाहीतर एक फायबरचे आणि दुसरे मोबाइल सिमचे असो. अशा राउटरला ‘ड्युअल वॅन’ राउटर म्हणतात. त्याच्याकडून दोन अपेक्षा असतात. एक लाइन गेली तर दुसरीवर काम चालू राहावे, आणि दोन्ही चालू असताना वेगांची बेरीज मिळावी. पहिली अपेक्षा बऱ्याच अंशी पुरी होते. दुसरी मात्र खोक्यावरच्या जाहिरातीत दिसते तितकी सरसकट खरी नसते.

राउटर दोन लाइनवर सुटी पॅकेट्स वाटत नाही, अख्खे संवाद वाटतो. फोनने एखादी फाइल मागितली की तो संवाद कोणत्या लाइनने जाईल हे राउटर सुरुवातीलाच ठरवतो आणि त्यातले प्रत्येक पॅकेट त्याच लाइनने पाठवतो. कारण दोन्ही लाइनचे बाहेरच्या जगाला दिसणारे पत्ते वेगळे असतात. घरातल्या यंत्राचा खासगी पत्ता पुसून त्या जागी लाइनचा पत्ता लिहिणे, म्हणजेच ‘नॅट’, हे काम राउटर प्रत्येक पॅकेटवर करतो. एकाच संवादातली निम्मी पॅकेट्स दुसऱ्या लाइनने गेली, तर पलीकडच्या सर्व्हरला ती भलत्याच कोणाची वाटतात आणि तो ती टाकून देतो. म्हणून १०० आणि ५० एमबीपीएसच्या दोन लाइन असल्या तरी एका संवादात उतरणारी मोठी फाइल फार तर १०० ने उतरते. घरातली चार माणसे एकदम नेट वापरू लागली की मात्र दीडशेच्या दीडशे कामी येतात. स्पीड टेस्टची बहुतेक संकेतस्थळे एकाच वेळी अनेक संवाद उघडतात, त्यामुळे तिथे आकडा बेरजेचा दिसू शकतो. जाहिरातदारांना तो फार आवडतो.

या वाटपाचा एक त्रास बँकेच्या संकेतस्थळावर होतो. लॉगिन एका पत्त्यावरून झाले आणि पुढचे पान दुसऱ्या पत्त्यावरून मागितले गेले, की बँकेच्या सर्व्हरला संशय येऊ शकतो आणि ग्राहक बाहेर फेकला जातो. त्यावर उपाय म्हणून एका यंत्राचे एका संकेतस्थळाशी चाललेले सगळे संवाद ठरावीक वेळ एकाच लाइनला चिकटवून ठेवण्याची सोय चांगल्या राउटरमध्ये असते.

लाइन गेली हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. घराबाहेरची फायबरच तुटली तर भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा लागतो. पण बिघाड पुढे कुठे कंपनीच्या जाळ्यात असेल तर सगळे दिवे हिरवेच राहतात, वायफायच्या दांड्याही पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. म्हणून राउटर दिव्यांवर विसंबत नाही. तो दर काही सेकंदांनी प्रत्येक लाइनमधून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ अशा दूरच्या पत्त्याला हाक मारतो. ओळीने काही हाकांना उत्तर आले नाही की ती लाइन मेली असे समजून नवे संवाद दुसरीकडे वळवतो. एकाच पत्त्यावर भिस्त ठेवली आणि नेमका तोच सर्व्हर मुका झाला, तर धडधाकट लाइन बाद होते, म्हणून दोन-तीन पत्ते देणे बरे. हाका फार घाईने मारल्या तर थोड्याशा गर्दीनेही राउटर सारखा इकडून तिकडे उड्या मारू लागतो.

आणि इतके सगळे नीट जमले तरी चालू असलेली व्हिडिओ मीटिंग गोठते. नवी पाने उघडतात, पण जुने संवाद मरतात. ‘टीसीपी’ या नियमावलीनुसार चालणारा संवाद चार आकड्यांनी ओळखला जातो: दोन्ही टोकांचे पत्ते आणि दोन्ही टोकांचे पोर्ट क्रमांक. लाइन बदलली की एक पत्ता बदलतो आणि पलीकडच्या सर्व्हरच्या दृष्टीने ते घरच नाहीसे होते.

ही अडचण इंटरनेटपेक्षाही जुनी आहे. इंटरनेटच्या आधीच्या ‘अर्पानेट’ या अमेरिकी जाळ्याच्या उभारणीत सुरुवातीच्या काळापासून असलेले जॉन डे सांगतात, की १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातील टिंकर हवाई तळ अर्पानेटला जोडला जात होता. एक वाट तुटली तरी दुसरी असावी म्हणून तळाने दोन जोडण्या मागितल्या. मागणी साधी होती, पण अर्पानेटमध्ये यंत्राचा पत्ता म्हणजे ते कोणत्या स्विचच्या कितव्या पोर्टला जोडले आहे त्याचा क्रमांक. दोन जोडण्या म्हणजे दोन पत्ते, आणि दोन पत्ते म्हणजे जाळ्याच्या लेखी दोन वेगळी यंत्रे. पुण्याच्या पेठेतल्या एखाद्या वाड्याला दोन गल्ल्यांत दोन दारे असावीत आणि टपाल खात्याने पत्ता वाड्याला न देता दाराला द्यावा, तशातली ही गत. एका दाराला कुलूप लागले की त्या दारावर आलेली पत्रे परत जाणार. आतली माणसे तीच आहेत आणि दुसरे दार उघडे आहे, हे पोस्टमनला ठाऊकच नाही.

हे कोडे त्याच दशकात एका फ्रेंच माणसाने सोडवले होते. लुई पूझँ यांच्या ‘सायक्लाड्स’ जाळ्याचे पहिले प्रात्यक्षिक १९७३ मध्ये झाले. त्यात पत्ता यंत्राचा होता, दाराचा नव्हता, त्यामुळे एकच यंत्र दोन ठिकाणी जोडता येत असे. प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे वाट काढील आणि हरवले-सापडले याचा हिशेब दोन्ही टोकांची यंत्रे ठेवतील, ही कल्पना सायक्लाड्सने प्रत्यक्षात चालवून दाखवली. इंटरनेटची टीसीपी-आयपी नियमावली रचणाऱ्या व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी ती उचलली. पत्त्याबाबतचा धडा मात्र मागेच राहिला. आयपी पत्ता आजही यंत्राचा नसून त्याच्या एकेका जोडणीचा असतो. फ्रान्सच्या सरकारी टेलिफोन खात्याला स्वतःचे ‘ट्रान्सपॅक’ जाळे प्यारे होते आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सायक्लाड्सचा निधी आटला. पूझँ यांना राणी एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार मिळाला तो २०१३ मध्ये, तोही सर्फ, कान, वेबचे निर्माते बर्नर्स-ली आणि ब्राउझर बनवणारे अँड्रीसन यांच्यासोबत. शाळेच्या पुस्तकांत इंटरनेटचे जनक म्हणून त्यातली दोन-तीन नावे येतात. पूझँ यांचे सहसा येत नाही.

बँका, विद्यापीठे, मोठ्या कंपन्या या अडचणीतून सुटतात, कारण त्या स्वतःच्या मालकीचा पत्त्यांचा गट घेतात आणि तो दोन्ही कंपन्यांमार्फत जगभर जाहीर करतात. ही जाहिरात ‘बीजीपी’ या राउटरांच्या आपसातल्या भाषेत होते. तिचा पहिला आराखडा १९८९ मध्ये जेवणाच्या टेबलावरच्या कागदी नॅपकिनांवर उतरला होता. घराघराला ही सोय देता येत नाही. अशी प्रत्येक नोंद जगातल्या सगळ्या मोठ्या राउटरना लक्षात ठेवावी लागते आणि ती यादी आताच दहा लाखांच्या घरात आहे. १२ ऑगस्ट २०१४ ला तिने ५,१२,००० चा टप्पा ओलांडला तेव्हा जुन्या राउटरची स्मृती अपुरी पडून ठिकठिकाणी नेट अडखळले होते.

घरांसाठी निघालेले उपाय म्हणूनच पत्त्याला बगल देणारे आहेत. ‘मल्टिपाथ टीसीपी’त एकच संवाद दोन वाटांनी जातो. ॲपलने २०१३ मध्ये सिरीसाठी ती वापरली, पण त्यासाठी दोन्ही टोकांना तिची जाण लागते. ‘बॉन्डिंग’ सेवेत दोन्ही लाइनची पॅकेट्स आधी भाड्याच्या एका सर्व्हरवर एकत्र होतात. तिथे एका फाइललाही बेरजेचा वेग मिळू शकतो, मात्र दरमहा पैसे मोजावे लागतात आणि वळसा पडतो. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’मध्ये संवादाला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला तरी तो क्रमांक पाहून सर्व्हर संवाद पुढे चालू ठेवू शकतो.

उरतो प्रश्न दोन लाइन खरोखर दोन आहेत का, हा. एक लाइन एक टक्का वेळ बंद राहत असेल तर वर्षाला सुमारे ८८ तास वाया जातात. तशा दोन लाइन एकदम बंद असण्याचा हिशेब जेमतेम ५३ मिनिटांचा निघतो. पण हा गुणाकार दोन्ही बिघाड एकमेकांपासून अलग असतील तरच खरा. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग’ या समुद्रतळावरच्या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या, आणि कागदावर एकमेकींचा आधार. पश्चिमेकडे जाणारी भारताची बरीच वाहतूक त्या दिवसांत रखडली. गल्लीतही हेच होते. दोन कंपन्यांच्या फायबर एकाच विजेच्या खांबावरून आलेल्या असतात किंवा एकाच चरात पुरलेल्या असतात, आणि जेसीबीच्या दातांना कंपनीचे नाव वाचता येत नाही. मोबाइल सिम हा त्याहून वेगळा मार्ग, पण जवळच्या टॉवरपर्यंतची फायबर त्याच चरातून गेली असेल तर तोही गेलाच.

विजेचे तसेच. राउटर आणि फायबरचा डबा बहुधा १२ व्होल्टवर चालतात, म्हणून छोटा यूपीएस त्यांना काही तास पुरतो. जीपॉन फायबरमध्ये एक्स्चेंजपासून घरापर्यंत वाटेत कुठेही वीज लागत नाही, त्यामुळे सोसायटी अंधारात असली तरी ती लाइन चालू राहू शकते. पण गच्चीवर स्विच बसवून तिथून प्रत्येक घरात तांब्याची केबल सोडणाऱ्या केबलवाल्याची लाइन त्या स्विचच्या विजेवर चालते, आणि त्याला बॅटरी आहे की नाही हे दुसरे कनेक्शन घेण्याआधी त्यालाच विचारावे लागते.