फरशीखालची ऊब

धान्याच्या घाऊक व्यापारात आमचा जन्म गेला. त्यामुळे जमीन म्हटली की आम्हांस प्रथम वखारीतील ओल आठवते. गतवर्षी हिवाळ्यात इंग्लंडातील लेस्टर येथे चिरंजीवांच्या घरी राहण्याचा योग आला, तेव्हा जमिनीतून ऊब येते हा प्रकार आम्ही प्रथमच पाहिला. ज्या सभासद बंधूंची मुले त्या बाजूस आहेत, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहितो.

स्वयंपाकघरात चिनी मातीच्या लाद्या होत्या आणि त्यांच्या खालच्या मसाल्यातच विजेच्या बारीक तारा होत्या. लादी उबदार खरी, पण टणक. भांडे निसटले की फुटलेच, आणि अनवाणी उभे राहून सौभाग्यवतींचे गुडघे दुखत. म्हणून वर व्हिनाइल, म्हणजे मेणकापडासारखे पण जाड असे आवरण, चिकटविण्याचे ठरले. लाद्या उखडाव्यात तर तारा तुटणार. तेव्हा त्या जागच्या जागी राहू दिल्या.

कारागिराने लाद्या ठोकून कोठे पोकळ वाजते ते पाहिले आणि सांधे भरून सर्व सपाट करणारा पातळ लेप द्यावा लागेल, असे सांगितले. आम्ही खर्च विचारला. लाद्या सपाटच दिसतात, मग लेप कशास? चिरंजीवांना आमचा शब्द मोडवेना. लेप गळाला.

महिन्याभरात सकाळच्या तिरप्या उजेडात खालच्या सांध्यांच्या रेघा वर उमटलेल्या दिसू लागल्या. उष्णतेने व्हिनाइल मऊ पडते व खाचांत बसते. सारे खरवडून काढावे लागले आणि वाचविलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च झाला. सूनबाई एक शब्दही बोलल्या नाहीत, हे आम्हांस अधिक लागले.

दुसऱ्या खेपेस आम्ही मुकाट्याने खुर्चीवर बसून पाहत होतो. लेप पुरता वाळू दिला. चिकटविण्यापूर्वी ४८ तास आणि नंतरही ४८ तास तारा बंद ठेवल्या; पुढे रोज थोडेथोडे अंश वाढविले. व्हिनाइलचा पृष्ठभाग सहसा २७ अंश सेल्सिअसच्या वर तापू द्यावयाचा नसतो. त्यासाठी फरशीतच एक तापमापक बसविलेला असतो. मर्यादा आली की वीज आपोआप बंद होते. जमिनीची उंची वाढल्याने दाराची खालची कड मात्र तासावी लागली. वर जाड गालिचा टाकू नये, असे कारागीर सांगू लागला, तेव्हा त्याचे कारण आम्हीच पुरे केले : दमट ज्वारीच्या थप्पीत कोंडते तशी ऊब त्याखाली कोंडते. तो हसला.

परत निघालो त्या पहाटे सौभाग्यवती अनवाणीच चहा ठेवीत होत्या.