घाट, गहाण आणि तेरा तालुके

बुलढाणा जिल्ह्यात दोन मुलूख आहेत, हे तिथल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. तो घाटावरचा असतो, नाहीतर घाटाखालचा. सोयरीक जुळवताना, सोयाबीन-कपाशीच्या भावावर बोलताना, विधानसभेचे तिकीट कुणाला मिळणार यावर पैज लावताना ही वाटणी आपसूक तोंडी येते. सरकारी नकाशात मात्र ती कुठेच नाही. जुन्या गॅझेटियरांना मागे चिकटवलेले घडीचे नकाशे उलगडत बसण्याचा मला फार दिवसांचा नाद आहे. त्यात बुलढाण्याचा नकाशा नेहमी खटकत आला. इतकी ठळक रेघ निसर्गाने ओढून दिलेली असताना जिल्हा तिच्यावर आडवा का पसरला? या प्रश्नाचे उत्तर भूगोलात सापडत नाही, सावकाराच्या वहीत सापडते.

आधी भूगोल उरकू. उत्तरेला सातपुडा, मधे पूर्णेचे खोरे, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेवरचे पठार. मलकापूरहून राजूर घाटाने किंवा खामगावहून बोथ्याच्या जंगलातून वर आले की हवा पालटते. बुलढाणा शहर या पठाराच्या अगदी काठावर आहे. परिसरात पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. नळगंगा, विश्वगंगा खाली उतरून पूर्णेला मिळतात आणि ते पाणी तापीवाटे अरबी समुद्रात जाते. याच डोंगरात उगम पावणारी पैनगंगा उलट्या दिशेने निघते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. खाली पूर्णाकाठी खारपाणपट्टा: विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. वर पाणी गोड, पण माती जागोजागी उथळ. लोणार, सिंदखेडराजा, शेगाव यांवर इतके लिहिले गेले आहे की इथे त्यांना नुसता नमस्कार करून पुढे जातो.

अकबराच्या कारभाऱ्यांना हा घाट दिसत होता. ‘आईन-इ-अकबरी’तल्या वऱ्हाड सुभ्यात मोटामोटी पाहिले तर खालचा भाग नरनाळा सरकारात आणि वरचा मेहकर व बैतालवाडी सरकारांत पडतो. निजामाच्या अमलातही पायनघाट आणि बालाघाट हीच भाषा चालू राहिली. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षे महसुलाची रेघ डोंगराच्या रेघेला धरून होती. ती सुटली एकोणिसाव्या शतकात, आणि त्या कथेच्या सुरुवातीला आहेत तारापूरचे दोन पारशी भाऊ.

विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी. वऱ्हाडच्या इतिहासात यांना एखाद-दुसऱ्या ओळीची जागा मिळते. माझ्या मते ते अन्यायाचे आहे. १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोचवण्याचा व्यापार पहिल्यांदा यांच्या पेढीने केला. रेल्वे नाही, धड रस्ता नाही. बैलांच्या पाठीवर लादलेला कापूस घाट उतरत मुंबईला जायचा. वाटेत धूळ बसे, पावसाचा शिडकावा झाला की माल खराब होई. पुढे त्यांनी वऱ्हाडात गाठी दाबण्याची यंत्रे बसवली. व्यापारातून आलेला पैसा त्यांनी निजाम सरकारला कर्जाऊ दिला. दिवाण चंदूलाल यांच्या काळात हैदराबादची तिजोरी कर्जावरच उभी होती. परतफेडीसाठी पेस्तनजींना वऱ्हाडातल्या महसुलाच्या सनदा मिळाल्या. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘पेस्तनशाही’ रुपया पडू लागला. कापसाच्या व्यापाऱ्याच्या नावाचे नाणे! १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाले आणि पुढच्या एक-दोन वर्षांत नव्या दिवाणाने पेस्तनजींचा वऱ्हाडातला अंमल काढून घेतला. पेढी बुडाली.

मोठा धनको त्यांच्यामागे रांगेत उभाच होता. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा पगार निजामाने द्यायचा आणि हुकूम इंग्रजांचा चालायचा, अशी व्यवस्था होती. पगार थकत गेले आणि थकबाकी ईस्ट इंडिया कंपनीच्या खात्यावर कर्ज म्हणून चढत गेली. २१ मे १८५३ रोजी तह झाला. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या वतीने रेसिडेंट कर्नल लो याने निजाम नासिरुद्दौलाकडून वऱ्हाड लावून घेतला. दिवाण सिराजुल मुल्क त्यानंतर काही दिवसांतच वारला आणि त्याचा तरुण पुतण्या सालारजंग दिवाण झाला. वऱ्हाड परत मिळवण्यासाठी त्याने पुढे आयुष्यभर खटपट केली.

या तहाचा कागद मला साध्या गहाणखतासारखा वाटतो. मुलूख निजामाचा, वहिवाट कंपनीची. उत्पन्नातून फौजेचा पगार भागवायचा, दरवर्षी हिशेब द्यायचा आणि उरेल ते निजामाला परत करायचे. पण १८६० मध्ये नवा तह झाला. सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर दोआब आणि धाराशिवकडचा मुलूख परत मिळाला आणि त्या बदल्यात एक कलम गुपचूप पालटले: वऱ्हाडचा हिशेब आता मागायचा नाही. शिल्लक उरली तर देऊ, पण वही दाखवणार नाही. गावच्या सावकाराने असे केले असते तर त्याला पंचांसमोर बसवले असते.

वहिवाटदाराला कारभार सोपा हवा असतो, आणि जिल्ह्यांची आखणी त्याच सोयीने झाली. सुरुवातीला वऱ्हाडचे दोनच जिल्हे होते. उत्तर वऱ्हाडचे ठाणे बुलढाण्याला आणि दक्षिणेचे हिंगोलीला. उन्हाळ्यात खालचे मैदान भाजून निघते, वर वारा असतो. साहेबाने बुलढाणा का निवडला याला एवढे कारण पुरेसे आहे. हिंगोली निजामाला परत गेल्यावर अमरावती आणि अकोला ही ठाणी झाली. १८६४ मध्ये अकोल्यातून एक तुकडा वेगळा काढला. त्याला आधी नैर्ऋत्य वऱ्हाड म्हटले, मग मेहकर जिल्हा, आणि शेवटी बुलढाणा. तालुके तीन: चिखली, मेहकर आणि मलकापूर. दोन घाटावर, एक खाली.

त्यानंतर काही वर्षांतच आल्फ्रेड लायल पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर झाला. पुढे तो वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. पण माझ्या लेखी त्याचे मोठे काम म्हणजे १८७० मध्ये प्रसिद्ध झालेले वऱ्हाडचे गॅझेटियर. त्याने इथले देवदेवतांचे व्यवहार पाहून धर्मावर निबंध लिहिला आणि तो विलायतेत गाजला. कापसाच्या आकड्यांमधून डोके वर काढून लोकांकडे पाहणारा अधिकारी विरळाच.

बाकीच्यांचे डोळे कापसावर होते. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिकडच्या दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. मिसिसिपी आणि अलाबामाची टंचाई खामगावच्या बाजाराने भरून काढायची होती. खामगावला १८६७ मध्ये नगरपालिका मिळाली. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिथे आला आणि जलंबपासूनचा आठ मैलांचा रेल्वेफाटा त्याच्या हस्ते सुरू झाला. पण गंमत अशी की खामगाव तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात नव्हतेच, अकोल्यात होते. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांची फेरजुळणी झाली, एलिचपूर आणि बाशीम हे जिल्हे मोडले, आणि खामगाव व जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. पठाराच्या काठावरच्या थंड कचेरीच्या पदरात सपाटीवरची पैसेवाली बाजारपेठ पडली. खामगावकरांची ‘जिल्हा आम्हाला हवा’ ही मागणी आज नवी वाटते, पण तिचे मूळ या लग्नात आहे.

त्याआधी, मार्च १९०२ मध्ये, हैदराबादेत व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांची भेट झाली. खोलीत दोघेच होते. बाहेर आले ते कायमपट्ट्याचा सौदा घेऊन: वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचे, ताबा कायमचा इंग्रजांचा, मोबदला सालिना २५ लाख रुपये. आत नेमके काय बोलणे झाले यावर पुढे वीस वर्षांनी भांडण पेटले. १९२३ मध्ये महबूब अलींचा मुलगा उस्मान अली खान याने लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला. वडिलांवर दडपण आणले होते, असे त्याचे म्हणणे. सर अली इमाम यांच्यासारखा नामांकित वकील त्याने या कामी लावला आणि वऱ्हाडी लोकांना स्वराज्य देण्याचे आमिषही दाखवले. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उत्तर पाठवले. त्यात वऱ्हाडचा मुद्दा बाजूलाच राहिला. ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कुणीही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही, हे त्याने सुनावले. भारतातल्या सगळ्या संस्थानांना धडकी भरवणारे ते पत्र निघाले ते आपल्या मेहकर-मलकापूरच्या मालकीवरून! १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देऊन तोंड गोड केले.

या गोंधळाचा चटका मतदाराला कसा बसला पाहा. वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला होता, पण कायद्याने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता. त्यामुळे मध्य प्रांताच्या कौन्सिलात वऱ्हाडातून निवडून आलेला माणूस थेट सभासद होत नसे. निवडणूक झाल्यावर सरकार त्याला रीतसर ‘नेमत’ असे. चिखली किंवा मलकापूरच्या माणसाने मत द्यायचे आणि त्या मताला सरकारची नेमणूक चिकटवायची. बुलढाण्याचेच यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला तो याच वातावरणात. आपला मुलूख नक्की कुणाचा हा प्रश्न तेव्हा पुस्तकी नव्हता.

स्वातंत्र्यानंतर एक प्रयोग झाला, तो आज कुणाला आठवतही नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने जनपद सभा आल्या. जिल्ह्याऐवजी तालुका हे स्थानिक कारभाराचे एकक. टीका पुष्कळ झाली, पैसा अपुरा पडला, अधिकाऱ्यांची लुडबूड होती. तरीही घाटावरच्या तालुक्याने घाटावरचे प्रश्न आणि खालच्याने खारपाणाचे प्रश्न हाताळावेत ही कल्पना या जिल्ह्याला चपखल बसणारी होती. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वसंतराव नाईक समितीने जिल्ह्याला मुख्य एकक मानले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आली. जनपदे संपली. नाईक साहेब स्वतः विदर्भातले. त्यांनी जनपदाला आणखी थोडी मुदत द्यायला हवी होती असे मला वाटत राहते.

तालुक्यांचे पुढचे विभाजन कंटाळवाणे आहे, पण एक गोष्ट मजेची. जिल्ह्याचे ठाणे असलेले बुलढाणा गाव कित्येक दशके चिखली तालुक्यात मोडत होते. जिल्हाधिकारी तिथे, तालुका मात्र दुसऱ्याच्या नावाचा. १९८० च्या दशकात पाचाचे तेरा झाले: बुलढाणा, चिखली, देऊळगावराजा, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. सहा उपविभाग, ९,६६१ चौरस किलोमीटर, २०११ च्या मोजणीत २५ लाख ८६ हजार माणसे.

आता खामगाव जिल्ह्याची मागणी दर निवडणुकीला डोके वर काढते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात कौंटीचे ठाणे कुठे असावे यावरून ह्यूगटन आणि वुड्सडेल या दोन गावांचे भांडण पेटले आणि त्या भांडणात १८८८ मध्ये माणसे गोळ्या घालून मारली गेली. आपल्याकडे निवेदने आणि बंद यांवर भागते, हे बरेच. मागणी अडाणीपणाची नाही. संग्रामपूरच्या सातपुड्याकडल्या पाड्यातून बुलढाण्याला कामासाठी जाणे म्हणजे पूर्णा ओलांडून वर घाट चढणे. दिवस त्यातच जातो. रेघ घाटावरून ओढली तर चारशे वर्षांपूर्वीच्या सरकारांची वाटणी जवळपास परत येईल.

पण मी आज त्या बाजूने मत देणार नाही. घाटाखाली हावडा-मुंबई लोहमार्ग आहे, खामगावची बाजारपेठ आहे, शेगावचे देवस्थान आहे. वरच्या तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची, आणि ती गाडी अजून कागदावरच धावते आहे. आधी तो मार्ग चिखली, देऊळगावराजावरून प्रत्यक्ष जाऊ द्या, मग वाटणीचे बोला. तोवर जिल्हा तोडणे म्हणजे दुभती म्हैस एका भावाला आणि गोठा दुसऱ्याला देण्यासारखे होईल.