मघापर्यंत तर चालू होतं!

गणपतीच्या महाप्रसादाची वेळ. हॉलच्या स्वयंपाकघरात चहाचा अर्न उकळतो आहे, थंडी म्हणून कोणी हीटर लावला आहे आणि मसालेभातासाठी मायक्रोवेव्ह सुरू आहे. वीस मिनिटे सारे सुरळीत, आणि ऐन पंगतीत सगळे गप्प! ‘मघापर्यंत तर चालू होतं!’ असे जो तो म्हणतो.

सर्किट ब्रेकरचे मर्म यातच आहे. त्याच्या पोटात दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. वीज वाहिली की ती तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि पुरेशी वाकली की खटका पडतो. भार थोडा जास्त असेल तर वेळ लागतो, फार जास्त असेल तर लवकर. शॉर्टसर्किटमध्ये मात्र आतला विद्युतचुंबक क्षणात काम करतो.

आता हिशेब पाहू. अर्न 2400 वॉट, हीटर 2400 वॉट. 230 व्होल्टला हे सुमारे 21 अँपिअर झाले. 60898 या मानकानुसार 20 अँपिअरचा ब्रेकर 22.6 अँपिअरवर तासभर तग धरतो, पण 29 अँपिअरवर तासाभरात पडलाच पाहिजे. मायक्रोवेव्हचे 1200 वॉट मिळवले की भार 26 वर जातो. मग पडणार कधी, एवढाच प्रश्न! हे आकडे 30 अंश तापमानाचे आहेत. जानेवारीच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवरची पेटी तापली, तर तो आणखी लवकर पडतो.

पडल्यावर लगेच वर ढकलू नये. पट्टी गरम असते, त्यामुळे तो पुन्हा चटकन पडतो. आधी एखादे उपकरण काढावे, काही मिनिटे थांबावे, मग खटका पूर्ण खाली करून वर करावा. पॉवर बोर्डावरचे छोटे बटणही याच जातीचे. त्यावरची सगळी उपकरणे मिळून साधारण 2400 वॉटच चालतात, भोके चार असली तरी!

‘सेफ्टी स्विच’ वेगळा. तो भाराने नव्हे, तर वीज गळू लागली की पडतो. तो वारंवार पडत असेल तर उपकरण किंवा वायरिंग तपासून घ्यावे.

आपल्याकडे फ्यूजला जाड तार गुंडाळायची सवय अनेकांनी पाहिली असेल. मोठा ब्रेकर बसवणे म्हणजे तेच. ब्रेकर उपकरणाची नव्हे, भिंतीतल्या वायरची राखण करतो. राखणदार झोपला तर वायर तापून आग लागते. शिवाय इथे असे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावे, असा कायदा आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या कार्यक्रमाला कोणते उपकरण कुठल्या सर्किटवर, हे आदल्या दिवशीच ठरवा. चहा वेळेवर मिळेल!