इन्व्हर्टरचा गोंगाट आणि उष्णतेचा हिशेब

छतावरील सौर पॅनेलांतून निघणारी वीज दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते, तर घरातील उपकरणांना आणि महावितरणच्या वाहिन्यांना सेकंदाला 50 आवर्तने करणारी प्रत्यावर्ती वीज लागते. या दोहोंमधील रूपांतराचे काम इन्व्हर्टर करतो. फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेनंतर हे यंत्र शहरांतील इमारतींच्या गच्चीवर, जिन्याखाली आणि गॅलरीत मोठ्या प्रमाणावर दिसू लागले असून, भर दुपारी त्याच्या पंख्याचा होणारा कर्कश आवाज ही अनेक कुटुंबांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची नित्याची तक्रार बनली आहे. या आवाजाचे मूळ पंख्यापेक्षा उष्णतेत आहे, आणि म्हणूनच त्यावरचा टिकाऊ उपायही उष्णतेच्याच बाजूने शोधावा लागतो.

घरगुती इन्व्हर्टरची कार्यक्षमता सर्वसाधारणपणे 96 ते 98 टक्के असते. ती 97 टक्के धरली, तर पाच किलोवॅट वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये सुमारे दीडशे वॅट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, म्हणजे साठ वॅटच्या दोन-तीन जुन्या बल्बांएवढी उष्णता एका बंद पेटीत सतत निर्माण होत राहते. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे अर्धवाहक स्विच आणि तारांची वेटोळी हे तिचे प्रमुख उगम आहेत. ही उष्णता प्रथम हीट सिंकमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पात्यापात्यांच्या ठोकळ्यात, उतरते आणि तेथून पंखा ती हवेबरोबर बाहेर काढतो. हवेचे तापमान दहा अंशांनी वाढू देऊन दीडशे वॅट उष्णता वाहून न्यायची, तर सेकंदाला सुमारे बारा लिटर हवा खेळती राहावी लागते. ती कमी पडल्यास इन्व्हर्टर स्वसंरक्षणासाठी आपले वीज उत्पादन घटवतो. शिवाय आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे घटक, दर दहा अंश तापमानवाढीमागे साधारणतः निम्म्या आयुष्याला मुकतात. पंखा बंद करून मिळवलेली शांतता त्यामुळे अखेरीस महाग पडते.

पंख्याच्या शास्त्रातील काही साधे नियम येथे मार्गदर्शक ठरतात. एकाच पंख्याचा वेग वाढवला, तर हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो, पंख्याला लागणारी शक्ती मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि आवाज त्याहूनही झपाट्याने चढतो. वेग निम्मा केल्यास आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, तर वेग केवळ वीस टक्क्यांनी घटवल्यासही जवळजवळ पाच डेसिबलचा फरक पडतो. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे लघुगणकी, म्हणजे पटींवर आधारलेले, मापक असून दहा डेसिबलची वाढ मानवी कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी जाणवते. यावरून असे दिसते की, पंख्याला थोडेसे सावकाश फिरू देणारी कोणतीही परिस्थिती कानाला मोठा दिलासा देते.

अशी परिस्थिती निर्माण करण्यात सर्वांत मोठा वाटा आत शिरणाऱ्या हवेच्या तापमानाचा असतो. हीट सिंक 70 अंश सेल्सिअसवर राखायचा असेल आणि भोवतालची हवा 30 अंशांची असेल, तर उष्णता वाहून नेण्यासाठी 40 अंशांचा फरक उपलब्ध असतो. हवा 45 अंशांची झाली की तोच फरक 25 अंशांवर येतो. तेवढीच उष्णता काढण्यासाठी ढोबळमानाने किमान 1.6 पट प्रवाह लागतो, आणि पंख्याचा वेग त्या प्रमाणात वाढल्याने आवाज दहा डेसिबलने चढतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीतील तापमानच 45 अंशांच्या आसपास जात असताना, पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या उन्हात लावलेल्या इन्व्हर्टरचा पंखा पूर्ण वेगाने ओरडत राहतो, यात नवल नाही.

म्हणून इन्व्हर्टरसाठी उत्तरेकडील किंवा दिवसभर सावलीत राहणारी भिंत निवडणे हा पहिला उपाय ठरतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली मोकळी जागा वर, खाली आणि दोन्ही बाजूंना सोडावी, कारण बंद कपाटात किंवा कोनाड्यात बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. आवाज अडवण्याच्या हेतूने इन्व्हर्टरभोवती पेटी बांधल्यास नेमका हाच दोष उद्भवतो आणि पंखा अधिकच वेगाने फिरू लागतो. एकावर एक दोन इन्व्हर्टर लावल्यास खालच्याची तापलेली हवा वरच्याला मिळते. ते शेजारी-शेजारी लावणे हिताचे असते. हीट सिंकच्या फटींत साचलेली धूळही हवेची वाट अडवते, त्यामुळे रस्त्यालगतच्या किंवा बांधकामाजवळच्या घरांत तिची नियमित सफाई आवश्यक ठरते.

याबरोबरच आवाजाचा प्रकार ओळखणेही महत्त्वाचे आहे. वेगानुसार कमी-जास्त होणारा सळसळता आवाज हवेच्या प्रक्षुब्ध प्रवाहाचा असतो. एकसुरी शीळ पात्यांमुळे निर्माण होते: मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या सात पात्यांच्या पंख्यातून सेकंदाला 350 कंपनांचा, म्हणजे 350 हर्ट्झचा, सूर निघतो. खडखड किंवा घरघर ऐकू आल्यास झिजलेल्या बेअरिंगचा संशय घ्यावा. पंखा थांबल्यावरही सुरू राहणारी मंद गुणगुण मात्र वेटोळ्यांच्या चुंबकीय गाभ्यातून येते आणि 50 हर्ट्झच्या विजेमुळे ती प्रायः 100 हर्ट्झची असते. तिच्यावर पंखा बदलणे हा उपाय नव्हे. प्लायवूडची फळी, पत्रा किंवा पातळ भिंत कंपने घेऊन स्वतःच नादू लागते. अशा वेळी भक्कम भिंत निवडणे, किंवा इन्व्हर्टरचे वजन पेलणारे रबरी आधार उत्पादकाच्या संमतीने बसवणे उपयोगी पडते.

पंखा बदलताना मूळ पंख्याचे व्होल्टेज, आकार, हवेची दिशा आणि प्रवाह जुळणे अनिवार्य आहे. केवळ मोकळ्या हवेतील प्रवाहाचा आकडा पाहून भागत नाही, कारण हीट सिंकच्या अरुंद फटींतून हवा ढकलण्यासाठी पुरेसा दाबही लागतो. अनेक पंख्यांतील एक तार फिरण्याचा वेग नियंत्रकाला कळवते. ती नसलेला पंखा बसवल्यास इन्व्हर्टर बिघाड दाखवून थांबू शकतो. सुरक्षिततेचा प्रश्न याहूनही गंभीर आहे. आठ-दहा पॅनेलांच्या मालिकेत तीनशे-चारशे व्होल्टपर्यंत दिष्ट दाब असतो, ऊन असेपर्यंत पॅनेले तो निर्माण करीतच राहतात आणि वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटे घातक विद्युतभार शिल्लक असतो. त्यामुळे आवरण उघडण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे; त्यातून हमीचे संरक्षणही टिकते.

भारताच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. बॅटरीवर चालणाऱ्या संकरित इन्व्हर्टरांचे पंखे रात्रीही फिरत असल्याने या मर्यादेचे भान जागा ठरवतानाच ठेवावे लागते. पंख्याविना, केवळ मोठ्या हीट सिंकवर आणि हवेच्या नैसर्गिक अभिसरणावर थंड राहणारे इन्व्हर्टरही उपलब्ध आहेत. ते अधिक जड असले, तरी शयनगृहालगतच्या भिंतीसाठी त्यांचा विचार प्रथम व्हावा. खरेदीच्या वेळी किलोवॅट आणि किंमत यांच्याइतक्याच आस्थेने थंड करण्याची पद्धत, कमाल भारावरील आवाज आणि बसवण्याची जागा यांची चौकशी झाली पाहिजे, कारण पंचवीस वर्षे चालावी अशा अपेक्षेने उभारलेल्या यंत्रणेत सावलीतील भिंत निवडण्याला त्या दिवशी फारसा खर्च येत नाही, आणि तीच निवड पुढे वीज उत्पादन, यंत्राचे आयुष्य व शेजारधर्म या तिन्हींचे रक्षण करते.