आठ पौंडांची मुलगी

गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जहाजं, साखळदंड आणि अमेरिकेतले कापसाचे मळे येतात. आफ्रिकेतल्या काही लेखिका मात्र आपल्याला थेट घरात नेतात. त्यातल्या एक बुची एमेचेटा. जन्म १९४४चा, लागोसचा. १९६२ मध्ये त्या इथे लंडनला आल्या, नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि पाच मुलं सांभाळत लिहीत राहिल्या.

त्यांची 'द स्लेव्ह गर्ल' ही कादंबरी १९७७ची. नायिका ओजेबेटा, वय वर्षं सात. इन्फ्लुएंझाच्या साथीत आईवडील जातात. सख्खा भाऊ तिला ओनिचाच्या बाजारात नेतो आणि नात्यातल्याच एका श्रीमंत व्यापारी बाईला विकतो. किंमत आठ पौंड. कशासाठी? तर समवयस्कांच्या नाचात मिरवायला त्याला पैसे हवे असतात! ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ सालीच केला होता, आणि तेव्हा नायजेरियावर राज्य ब्रिटिशांचंच होतं.

त्या घरात ओजेबेटाला जेवण मिळतं, शिवणकाम येतं, अक्षरओळखही होते. म्हणूनच ही गुलामगिरी ओळखायला कठीण. मालकीण वारल्यावर ती गावी परतते, मनाजोगतं लग्न करते. शेवटी नवरा जुन्या मालकिणीच्या मुलाला ते आठ पौंड चुकते करतो, आणि ओजेबेटा कृतज्ञ होते.

माझं रोजचं काम कंपन्यांच्या करारांचं. त्या भाषेत सांगायचं तर खातं बंद झालं नाही, फक्त दुसऱ्याच्या नावावर चढलं. आणि जिचा व्यवहार झाला, तिला कुणी विचारलंच नाही.

१९७९च्या 'द जॉइज ऑफ मदरहूड'मध्ये एमेचेटा आणखी खोल जातात. इग्बो श्रद्धेप्रमाणे प्रत्येक माणसाची एक 'ची' असते, म्हणजे जन्मभर पाठीशी असणारी दैवी शक्ती. नायिका न्नू एगोची 'ची' म्हणजे एक गुलाम स्त्री, मेलेल्या मालकिणीसोबत जबरदस्तीने पुरलेली. तिला पुरणारं घर न्नू एगोच्या वडिलांचंच. पुढे न्नू एगो मुलांसाठी आयुष्यभर राबते, आणि रस्त्याच्या कडेला एकटीच मरते.

गोऱ्या व्यापाऱ्यांचे गुन्हे एमेचेटांना ठाऊक होतेच. तरीही आपल्याच माणसांचा हिशेब मांडायला त्या कचरल्या नाहीत. बाहेरच्यांचे अन्याय आपण सगळेच मोजतो, मंडळी. आपल्या घरात कुणाच्या नावावर काय चढलंय, तेही एकदा बघू या.