हीट पंपचा थर्मोस्टॅट : एसी कारागिरांनो, एवढे ध्यानात ठेवा

आखातात एसीच्या कामावर हात बसलेला आपला कारागीर अमेरिकेत किंवा कॅनडात कामाला गेला, की त्याला यंत्र अडवत नाही. भिंतीवरचा थर्मोस्टॅट अडवतो. हीट पंप म्हणजे उलटा चालू शकणारा एसीच. रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह फिरला की तो बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घरात सोडतो. एक युनिट विजेत साधारण दोन-तीन युनिट उष्णता मिळते, म्हणून तो परवडतो.

थर्मोस्टॅटच्या तारा 24 व्होल्टच्या असतात. ‘आर’ वीज आणते, ‘सी’ परतीची, ‘वाय’ कॉम्प्रेसरची, ‘जी’ पंख्याची. घोळ होतो तो ‘ओ-बी’ टोकाशी. ही तार रिव्हर्सिंग व्हॉल्व्हची. ‘ओ’ पद्धतीत व्हॉल्व्हला वीज थंडाव्याच्या वेळी मिळते, ‘बी’ पद्धतीत उष्णतेच्या वेळी. कॅरिअरची यंत्रे सहसा ‘ओ’, ऱ्हीमची ‘बी’. हे सेटिंग चुकले, की ऐन हिवाळ्यात घरात गार वारा येतो आणि कारागीर बिचारा गॅस तपासत बसतो. ट्रेनच्या काही यंत्रांत तर ‘बी’ ही परतीची तार असते. ती ‘ओ-बी’ला जोडली तर फ्यूज, थर्मोस्टॅट किंवा ट्रान्सफॉर्मर गेलाच समजा. तेव्हा तारेच्या रंगावर विसंबू नका. आतल्या बोर्डावरची अक्षरे वाचा, जुन्या जोडणीचा फोटो काढा, मगच तार सोडवा.

आता बिलाची गोष्ट. पंपाला मदत म्हणून विजेची कॉइल बसवलेली असते. ती एक युनिट विजेत एकच युनिट उष्णता देते. ‘इमर्जन्सी हीट’ हे बटण कडाक्याच्या थंडीसाठी आहे, असा गिऱ्हाइकांचा सर्रास समज असतो. प्रत्यक्षात ते दाबले की कॉम्प्रेसर बंद होतो आणि सगळा भार कॉइलवर पडतो. पंप बिघडला असेल तेव्हाच ते वापरायचे. रात्री तापमान 70 वरून 60 फॅरनहाइटवर आणून पहाटे एकदम चढवणे हीही फसवी काटकसर आहे. साध्या थर्मोस्टॅटवर फरक पाहताच कॉइल सुरू होते. 68 (म्हणजे आपले 20 सेल्सिअस) लावून तो तसाच ठेवावा.

थंडीत बाहेरच्या युनिटमधून मध्येच वाफ निघते आणि गिऱ्हाईक घाबरून फोन करते. तो बिघाड नव्हे. साचलेला बर्फ वितळवण्यासाठी यंत्र थोडा वेळ उलटे चालते. त्यानंतरही बर्फाचा थर तसाच राहिला, तरच हत्यारांची पेटी उघडावी.